मी उभी होते

स्वरूप : वहिनी, भारी लिहिलंयस गो! मी ‘मला लहानपणापासून समुद्राची आवड’ याच्यापुढे गेलोच नव्हतो.

दीपाली : ते अर्धी रत्नागिरी लिहील. तिकडे अर्ज वाचणाऱ्याला तू दिसायला हवास. आधी मराठीत खरं उतरू दे, मग इंग्रजी करू. वाच मोठ्याने.

स्वरूप : ‘भाट्याच्या खाडीत कालवं काढणाऱ्या बायकांबरोबर मी गुडघाभर चिखलात उभी होते.’ उभी?

दीपाली : उभा कर. घाईत झालं. सानवी, काजूची बी तोंडातून काढ आधी! चिकाने ओठ भाजतील!

स्वरूप : ‘खडकावरची कालवं दरवर्षी कमी का होतात, हे मी त्यांना विचारत राहिले.’ राहिले?

दीपाली : राहिलो! एका मेल्या अक्षराचं काय घेऊन बसलास?

स्वरूप : ‘घरी परतले तेव्हा…’ वहिनी, मी कालवं फक्त ताटात बघितलीत.

दीपाली : मग तू सांग ना काहीतरी! आठवडाभर विचारतेय, एम.एस्सी.ला समुद्राचाच विषय का? तुझं आपलं एकच, दादा म्हणतो म्हणून.

स्वरूप : खरंच दादा म्हणतो म्हणून. तो बसलाय मुंबईत. मला खाडी ओलांडायच्या साध्या तरीत बसलं की मळमळतं.

दीपाली : आणि हे आज सांगतोस? उद्या शेवटची तारीख!

स्वरूप : हे सगळं तुझं आहे ना? कधीचं?

दीपाली : बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं. पुढे जायचं होतंच. मग लग्न झालं, मग ही झाली. जाऊ दे.

स्वरूप : तूच भर अर्ज.

दीपाली : डोकं फिरलं का तुझं? गोव्याला, दोन वर्षं? माझी वेणी मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही ही.

स्वरूप : मग वेणीसकट ने तिला.

दीपाली : चेष्टा नको. मी वर्गात आणि हिला ताप आला तर? पडली तर? ही बघ, परत बी उचलली! कोण बघेल हिला तिथे?

स्वरूप : ते त्यांनी अर्जात विचारलेलं नाही.

दीपाली : तुझा दादा विचारील.

स्वरूप : दादाकडून मी तशाही शिव्या खाणार. त्यातच तुझं उरकून घेतो.

दीपाली : आणि आई? त्यांना काय सांगू?

सासूबाई (आतल्या खोलीतून) : खोली बघशील ती खालच्या मजल्यावरची बघ हां. माझ्याच्यान जिने नाय चढवत.