फुकटच्या गोळीची किंमत

शालीकरामचा यात नफाच होता: औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या सहा महिन्यांच्या गोळ्या तिरोड्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट. पण माणूस धानाचा व्यापारी. बाकावर बायकोशेजारी बसून पोत्यातला दाणा पारखावा तशी गोळी पारखत होता.

"फुकटचा माल चांगला रायते का वो? नागपूरले जाऊन इकतच घेतो."

"अजी, आधी हे एकच कंपनी बनवे. कोणाले परवडे नाई."

"मंग एकटीनं बनवाचा हक्क सोडला काऊन? धरम करून राहिली का?"

"सोडते कायची! आणखी चार वर्सं मागत होती. एका पोरीनं हरकत घेतली, अन् सरकारनं कंपनीले नाई म्हटलं. आता कोणीबी बनवते."

"पोरीनं? एवढ्या मोठ्या कंपनीसंग?"

"आपल्या नीतूनं मोबाइलवर तिची बातमी दाखवली मले. तुमच्यासारखाच टीबी होता तिले."

"म्हंजे सोताच्या गोळीसाठी लढली."

"नाई जी. ती तं या गोळीच्या आधीच्या जुन्या सुयांनीच बरी झाली होती."

"मंग तिले काय भेटलं?"

"काईच नाई."

शालीकरामनं मास्क खाली केला, गोळी गिळली.

"असा सौदा म्या जनमात नाई पाह्यला, सुशिला. मंग याचे पैसे भरले कोणं?"

"तिनंच. त्या सुयांनी तिचे दोन्ही कान गेले, तवाच तुमच्या गोळीचे पैसेबी भरले तिनं."