चार ग्लास पाणी

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर माझ्या मागच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते.

"किती प्यायलीस?"

"चार ग्लास. नर्सबाईंनी सांगितलं होतं तेवढं."

"मीपण चार."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"साथ नको का द्यायला?"

"मग नीट बसा, बाक हलतोय. आणि बाळात काही कमीजास्त आहे का बघायची ती रक्ततपासणी, तिचं काय करायचं?"

"तू म्हणशील तसं. सुई तुला टोचणार."

"आणि काही निघालं तर?"

"मी पहिलीत दोनदा नापास झालो. आईने टाकलं का मला?"

"पण आईंना ते आधीच कळलं असतं तर?"

"तर तिने तीन पाट्या एकदमच आणून ठेवल्या असत्या. उगीच दर वर्षी दुकानात खेपा."

"रुमाल द्या तुमचा."

"रडतेस कशाला? अगं, पाणी आत राहू दे!"

नर्सबाई दारात आल्या. "ताई, चला आत. रक्ततपासणीचं काय ठरलं? नको असेल तर नको म्हणा, सक्ती नाही."

"करायची. पाट्या आणायला वेळ मिळेल."

"कसल्या पाट्या? आणि तुमचे हे कुठे पळाले?"

"त्यांची साथ चार ग्लासांपर्यंतच असते."