वरचंच घ्या

वरून घ्या, साहेब. वरून म्हटलं ना — ते माप असं खाली खुपसू नका, विहीर खणायची नाहीये. खाली नुसता भुगा आहे. काय म्हणालात? सगळे तुकडेच तर आहेत, कचरा, अर्ध्या भावात द्या? वा. मिलानहून ग्रान्यानोत यायचं, पास्त्याच्या गावात, आणि मिश्र पास्त्याच्या ड्रॉवरपुढे उभं राहून घासाघीस करायची. तुमच्याकडे मिळतो ना पाकिटात, सगळा एका मापाचा — तो खा की. नाही, हे सगळं एका वेळी शिजत नाही. शिजूच नये. बटाट्यात घातला की एकाच घासात एक तुकडा मऊ लागतो, एक दाताखाली येतो, त्यासाठीच तर करायचा. पण तुम्हाला घड्याळ लावून जेवायची सवय.

माझा थोरला भाऊ कातेल्लो करायचा हे. दर शनिवारी सगळे ड्रॉवर उपसायचा, तुटकंफुटकं वेचायचा — जाड नळ्या सुरीच्या मुठीने ठेचायचा, चपट्या पट्ट्या बोटभर ठेवायचा, का ते विचारलं तर सांगायचा नाही. कारखान्यातून वाकडी टोकं आणायचा. स्पॅगेटी काठीवर वाळत घालतात ना, काठीवर जिथे वाकते तेवढं कापून टाकतात, ते. पस्तिशीचा घोडा आणि कोंबडीसारखा टिपत बसायचा. मीही कचराच म्हणायचो, गिऱ्हाइकांसमोर म्हणायचो. त्या शनिवारी म्हणालो, तुझ्याशी लग्न कोण करणार, केरसुणी? एरवी हसायचा. हसला नाही. स्कूटर काढली, आजेरोलाच्या घाटात गेला, आणि तिसऱ्या वळणावर — जाऊ दे, तुम्हाला काय त्याचं. चाळीस दिवस झाले. आता मी करतो. चांगली पाकिटं फोडतो, हातोडीने. नाही जमत. पहिल्यांदा केला तेव्हा आईने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. म्हणून वरचं आहे ते माझं, विकायचं. कमी झालं की वरून भर घालतो, म्हणजे खालचं आहे तिथेच राहतं. त्याचं. चार बोटं उरलंय. भुगा नाहीये तो, खोटं बोललो.

थांबा. मापात बघू. हे वाकडं कुठून आलं? माझ्यात वाकडं नसतं, मला कारखान्यात जाववत नाही. दोनदा सांगितलं होतं वरून घ्या म्हणून — नाही, परत टाकू नका, माझ्यात मिसळेल. माझ्या हातावर ठेवा. ते दुसरंही. आणि तो बारका. सावकाश.

झालं. राहिलेलं माझं आहे, पिशवीत भरा आणि चालू लागा. पैसे ठेवा खिशात. तुम्हीच म्हणालात ना, कचरा. जाताना दार ओढून घ्या.