पाळण्यावरचा बगळा

परतवाड्याहून अमरावतीला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक जोडपं होतं. बायको भावाच्या बाळाच्या बारशाला निघालेली आत्या. नवरा मोबाइलवर एआयला घड्या विचारत होता, ती पाळण्यावर टांगायला कागदाचा बगळा करत होती.

“वरची दोन टोकं मधात आना, म्हणते.”

“गाडी खड्ड्यात गेली, वरची खालती आली ना! त्याले म्हना, एसटीत बसून पाह्य.”

“‘छान प्रयत्न! आता मान वाकवा.’”

“झाला वो झाला! चोच पाहा!”

“जमुना, हा तं खरंच बगळा दिसून राहिला! कागद कोठचा घेतला?”

“पर्समधला... अगंबाई! दादानं बाळाचं नाव लिवून देल्ली चिठ्ठी!”

“वाचली होती नं?”

“वाचली, पन ते नव्या फॅशनचं नाव ध्यानात कुठं राह्यते!”

“मंग दादाले फोन लाव.”

“अन् सांगू काय? नावाचा बगळा केला?”

“उलगड मंग.”

“खबरदार! परतवाड्यापासून घड्या घालून राहिली मी. थांबा, पंखावर ‘भा’ दिसते.”

“अन् पुढचं?”

“पुढचं आता आत्याच्या मनानं!”