पाय टेकणारी गाडी

हर्षाली : अण्णा, मोरी कोरडी ठणठणीत आहे. आई नेमकी कुठं घसरली ते मला दाखवा.

उत्तरेश्वर : आता वाळली असंल. सकाळी ओली व्हती.

हर्षाली : आणि अंगणात ताडपत्रीखाली गाडी झाकलीय, तिचा आरसा पण मोरीतच फुटला का? लेगगार्ड वाकलंय, क्लचची मूठ तुटलीय. लातूरहून सुट्टी टाकून आले मी, आईचा हात बघायला. येऊन बघते तर आई-बाप दोघंही खोटं बोलतायत.

धुरपदाबाई : म्या न्हाय बोलले. म्या गप बसले.

हर्षाली : तू तर बोलूच नको आई. धाराशिवच्या डॉक्टरला पण मोरीच सांगितली असशील.

उत्तरेश्वर : तुला फोनवर काय सांगणार? गाडी आणली त्या दिवशीच किती बोलली व्हतीस.

हर्षाली : बोलणारच. रिटायर झाल्यावर माणसं स्कूटर घेतात, गिरणीवरनं दळण आणतात. तुम्ही सोलापूरला जाऊन लांब पल्ल्याची जुनी मोटारसायकल आणलीत. पुढं काच, दोन्ही अंगाला पेट्या, सीट एवढी उंच. आणि इथं गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय तुम्हाला जिना चढवत नाही.

उत्तरेश्वर : सगळी नोकरी एसटी चालवली म्या. घाटात गच्च भरलेली बस घिऊन. माझ्या हातनं कुणाला खरचटलं पण न्हाय. मला गाडी शिकवू नगंस.

हर्षाली : बस आपली आपण उभी राहते अण्णा. तिला तुमच्या पायांचा आधार लागत नाही. हिला लागतो. कुठं पाडलीत?

उत्तरेश्वर : पाडली न्हाय. पडली.

हर्षाली : बरं, पडली. कुठं?

धुरपदाबाई : सांगून टाका की आता. अगं, नळदुर्गचा किल्ला बघून माघारी यायलो व्हतो. ह्यांची कंबर आखडली म्हणून रस्ता सोडून शेताच्या कडंला थांबले. काळी माती, आदल्या दिवशी पाऊस झालेला. ह्यांनी साइड स्टँड लावला अन् म्हणले, तू बस, आधी म्या उतरतो. ह्यांनी एक पाय उचलला अन् स्टँड गेला मातीत. गाडी आमच्यासकट आडवी. म्या हात टेकवला, तोच हात गेला.

हर्षाली : काळ्या मातीत साइड स्टँड. सगळा जन्म ह्या बेंबळी गावात काढलात तुम्ही. खाली एखादा चपटा दगड तरी सरकवायचा.

उत्तरेश्वर : आता लाकडाचा तुकडा ठेवलाय की पेटीत.

हर्षाली : आता ठेवलाय. मग लगेच उचलून आणलंत का आईला?

धुरपदाबाई : ते ऱ्हाऊ दे. च्या घेतीस का?

उत्तरेश्वर : न्हाय, इचारू दे तिला. उचलली न्हाय गाडी. म्हंजी उचलता आली न्हाय. हिची साडी अडकली व्हती खाली, तिला उठता येईना. म्या हँडल धरून जोर लावला. पाठ लावून बघितलं. गाडी वीतभर वर यायची अन् परत बसायची. अन् ही खालनं मलाच म्हणती, सावकाश, कमरेत भरंल तुमच्या. शेवटी रस्त्यात जाऊन हात केला. दोन मोटारी तशाच गेल्या. मग मेंढरं घिऊन दोघं जण आले, त्यांनी उचलली. पडली त्याचं काय न्हाय हर्षाली. कुणाचीबी पडती. हिला खाली ठिवून म्या रस्त्यात हात करत हुबा व्हतो, ते कसं सांगायचं तुला? म्हणून मोरी.

हर्षाली : अण्णा...

उत्तरेश्वर : इकून टाकू. शेजारचा शिवलिंग गिऱ्हाईक बघतो म्हणलाय.

हर्षाली : विका. मला पण सुखानं झोप लागेल. संपला विषय.

धुरपदाबाई : कुणाचा संपला?

हर्षाली : आई, हात मोडलाय तुझा.

धुरपदाबाई : माझाच हाय, मला ठाव हाय. तुमी बाप-लेक बसून गाडी इकायलात. मागं कोण बसतंय? म्या. मला कुणी इचारलं का?

हर्षाली : तुला काय विचारायचं त्यात?

धुरपदाबाई : ह्यांनी साऱ्या मुलखाला फिरवलं. माणसं चढली, उतरली, आपापल्या गावाला गेली. म्या डबा भरून दिला अन् दारात हुबी ऱ्हायले. आता म्हणलं हंपीला न्या. पन्नासच्या नोटंवर तो दगडाचा रथ हाय, तो बघायचाय मला. हे नेतो म्हणलेत.

हर्षाली : मग बसनं जा की. मी तिकीट काढून देते.

धुरपदाबाई : ह्यांच्यासंगं बसनं? हे ड्रायव्हरच्या पाठीमागं बसत्यात अन् गिअर कवा टाकायचा ते त्याला शिकवत्यात. तुळजापूर येईस्तोवर माझं डोस्कं उठतंय. अन् बसमधी मला एखादं झाड बरं वाटलं तर थांब म्हणता येतंय व्हय?

उत्तरेश्वर : अगं, पण तू बघितलंस न्हवं. मला झेपत न्हाय.

धुरपदाबाई : ही झेपत न्हाय. ही इकाच. पण सोलापूरच्या त्या दलालाकडं दुसरी व्हती की, बुटकी, कोपऱ्यात धूळ खात. रंग उडालेला. म्या म्हणलं जरा बसून बघा. तुमचं दोन्ही पाय सपाट टेकले. मलाबी धरल्याबिगर चढता आलं. पण तुमची नजर चमकणाऱ्या गाडीवर.

उत्तरेश्वर : तिचं इंजिन बारकं व्हतं.

धुरपदाबाई : शर्यत लावायचीय का कुणासंगं?

उत्तरेश्वर : अन् ही एका बटणात चालू झाली तिथं.

हर्षाली : थांबा. तुम्ही गेलात तेव्हा इंजिनाला हात लावून बघितला होता?

उत्तरेश्वर : कोमट व्हतं. उन्हानं तापलं असंल.

धुरपदाबाई : पत्र्याच्या शेडात कुठलं ऊन?

हर्षाली : दलालानं आधीच चालू करून तापवून ठेवली होती अण्णा. आमच्या ह्यांना पण एकदा असंच फसवलं. घरी आणल्यावर किती वेळा एका बटणात चालू झाली?

उत्तरेश्वर : सकाळच्याला जरा तरास देती. शिवलिंग ढकलू लागतो.

हर्षाली : रोज?

उत्तरेश्वर : तो मोकळाच असतो.

हर्षाली : देवा रे. बरं, नीट ऐका दोघं. प्लास्टर निघेपर्यंत ह्या घरात गाडीचं नाव काढायचं नाही. ही आधी विकायची, आणि घेणाऱ्याला खरं सांगून विकायची. मग मी येते, तिघं मिळून बघू. इंजिन थंड असताना चालू करून बघायची. पुढच्या शॉकअपमधनं तेल गळतंय का, टायर किती जुने आहेत, चेन झिजलीय का, सगळं बघायचं. आणि अण्णा, तिथंच आडवी टाकायची आणि तुम्ही उचलून दाखवायची. उचलली नाही तर घ्यायची नाही.

उत्तरेश्वर : दलाल आडवी टाकू दील व्हय?

हर्षाली : नाही दिली तर तिथनं निघायचं.

धुरपदाबाई : उचलताना म्याबी हात लावीन.

हर्षाली : कुठला हात लावणार आहेस?

धुरपदाबाई : तवर जुळंल की.

(दिवाळीनंतर. फोनवर.)

हर्षाली : किती वेळ रिंग जातेय आई. कुठं आहात?

धुरपदाबाई : विजापूर मागं पडलं. कृष्णेच्या पुलापाशी थांबलोय.

हर्षाली : थांबलात का? बिघडली ना?

धुरपदाबाई : बुटकी न्हाय बिघडत. तूच म्हणलीस न्हवं, घडीघडीला थांबा म्हणून? तर थांबलं की हे चेनीला तेल सोडत्यात. मग टायर दाबून बघत्यात. मग नटबोल्ट. मग चष्मा पुसत्यात. म्या म्हणलं, एवढं बघणं माझ्याकडं कवा झालं न्हाय.

हर्षाली : फोन दे त्यांच्याकडं. अंधाराच्या आत मुक्कामाला पोचा म्हणून सांगायचंय.

धुरपदाबाई : ऱ्हाऊ दे, म्या सांगते. आताच हात धुऊन बसलेत शेजारी, पाय पसरून. पाणी बघायलेत.

हर्षाली : अजून हंपी किती लांब आहे?

धुरपदाबाई : म्या इचारलंच न्हाय.