मदरबोर्ड निवडताना पप्पा

मदरबोर्ड कोणता घेऊ असं कुणी विचारलं, की मी सांगते, आधी आमच्या पप्पांना सोबत ने!

गेमिंगचा कॉम्प्युटर स्वतः जुळवायचा म्हणून मी वर्षभर शिकवण्या घेतल्या. बोर्ड मधल्या किमतीतला, पण पाच वर्षं दगा न देणारा हवा होता. दुसऱ्यांदा पैसे जमणार नव्हते. पप्पा म्हणाले, "बोर्डातलं मला कळतं. मी येतो." मला भरूनच आलं.

बुऱ्हाणपूरच्या दुकानात मात्र दुकानदार रंगीत दिव्यांचा बोर्डच पुढे करत होता. "बेटा, यही ले लो. देखो, क्या चमकता है!"

मी भांडणारच होते, तेवढ्यात पप्पा म्हणाले, "चमकने का छोडो, भैया. फेज कितने है?"

दुकानदार चपापला. मीसुद्धा! प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांना फेज म्हणतात आणि कमी फेजचा बोर्ड तापतो, एवढं शिकायला मला कितीतरी व्हिडिओ बघावे लागले होते.

"थोडे कम है, अंकल."

"फिर लोड पे जल जाएगा. दूसरा दिखाओ."

त्यानं मुकाट्यानं आतून एक साधा, दणकट बोर्ड आणला. किंमत तेवढीच. मला हवा होता अगदी तसा! पप्पांनी तो हातात तोलून पाहिला. "आजकल सब छोटा हो गया."

बिल करताना दुकानदारानं आदरानं विचारलं, "अंकल, आप कौनसा गेम खेलते हो?"

"गेम कैसा?" पप्पा म्हणाले. "ये मोटरबोर्ड तो निंबोला में अपने खेत के पंप पे लगेगा. केले के बाग को पानी देना है."