दुसऱ्या मजल्यावरची टोपली

नाही नाही, ती खुर्ची नको, बाई — तिच्यावर बसलं की टोपली बरोबर डोक्यावर येते. इकडे बसा, भिंतीला टेकून, इथं सावलीही आहे. इम्मा येतेच आहे किल्ली घेऊन. माझी भाची. घरं दाखवायचं काम तिचं, मी आपला गिऱ्हाईक पळून जाऊ नये म्हणून बोलत बसणारा. पाच मिनिटं म्हणाली, पण आमच्या तारांतोत पाच मिनिटांचं काही खरं नाही, फिरता पूल उघडला असेल तर बोट जाईपर्यंत अख्खं गाव दोन्ही काठांना उभं. तुम्ही स्वस्त म्हणून आलात ना? अहो लाजता काय, सगळे त्याचसाठी येतात. तिकडे उत्तरेत पेन्शन पुरत नाही, इथं इटलीच्या टाचेत पुरते आणि वर मासे मिळतात, ऊन तर कुणी मोजतही नाही. बरं केलंत. आणि भाषा शिकून आलात, हे तर फारच बरं केलंत. भाषा आलीच पाहिजे. निदान दोन-चार शब्द — असो.

घर चांगलंय. खोटं कशाला बोलू? म्हणजे खोटं मी बोलतो, सगळी गल्ली सांगेल तुम्हाला, एजिदिओनं वेळ सांगितली तरी घड्याळ बघावं लागतं — पण घर चांगलंय. दोन खोल्या, जाड भिंती, बाल्कनीतून छोटा समुद्र, म्हणजे आमची आतली खाडी, दिसतो. तुमच्या आधी एक डच जोडपं आलं होतं बघायला. तुम्ही बसलात तिथंच बसलं होतं. त्यांना मी सांगितलं की वरच्या घरात एक बुटका राहतो, टोपीवाला, आमच्याकडे जुन्या घरांतून असतोच तो, झोपलेल्या माणसाच्या छातीवर येऊन बसतो आणि केसांच्या बारीक बारीक वेण्या घालतो, सकाळी सुटता सुटत नाहीत. नवरा टकला. मी त्याला म्हटलं, तुम्हाला भीती नाही, पण बाईंचं बघा. गेले. घर न बघताच गेले. त्यांच्या आधी एक जर्मन होता, त्याला म्हटलं इथं नळाला गुरुवारी खारं पाणी येतं, शिंपल्यांना पाजायला. तोही गेला. इम्मा महिनाभर बोलत नव्हती माझ्याशी. हसा, हसा, हसायला काही लागत नाही.

काय? हो, टोपली का लोंबतेय. बघा, तुमच्या लक्षात आलं. ती वरच्याच घराची. आमच्याकडे जिने चढायचा कंटाळा, म्हणून बाल्कनीतून दोरीला टोपली सोडायची, खालून पाववाला पाव टाकतो, भाजीवाली भाजी टाकते, वरून ओढून घ्यायची. हिच्या दोरीला घंटीपण आहे, शेळीच्या गळ्यातली. टोपली सोडली की वाजायची, म्हणजे मला कळायचं. आता वाजत नाही. मेण भरलंय मी तिच्यात. वाऱ्यानं उगाच वाजायची हो, डोकं उठायचं.

कुणाची म्हणजे? थोर्किलची. तुमच्याआधीचा भाडेकरू. डेन्मार्कचा, लांबलचक, उन्हानं नाक कायम सोललेलं. शाळेत सुतारकाम शिकवायचा, निवृत्त झाला आणि आला, तुमच्यासारखाच, एक पेटी घेऊन. भाषेच्या नावानं शून्य. नमस्कार, पाव, धन्यवाद, आणि मी शिकवलेल्या दोन शिव्या, त्या त्यानं पाद्रीबाबांना घातल्या, सद्भावनेनं. टोपली सोडायला मीच शिकवली. आणि मग काय — समोर टोपली आल्यावर माझा हात राहतो होय? पाव मागितला तर जुना बूट. चीज मागितलं तर कागदात गुंडाळलेला दगड. एकदा जिवंत ऑक्टोपस टाकला, तो दोरीवरून चढून टोपलीच्या आधी वर पोचला. आणि त्याची कमाल म्हणजे, बाई, तोही मागे हटेना. एकदा टोपलीतून माझीच काठी खाली आली, अर्धी कापलेली. रात्रीतून — नाही, दुपारी मी झोपलो असताना नेऊन कापली होती. मी दोन दिवस वाकून चालत होतो आणि तो वर बाल्कनीत हसून हसून रडत होता. शब्द एक नाही हो आमच्यात. शब्द लागतच नव्हते. घंटी वाजली की बघायचं, आज काय आलं.

मग एक एप्रिल आला. तुमच्याकडेही असतं ना? आमची पोरं पाठीला कागदी मासा चिकटवतात. मला आता या वयात कागदी मासा शोभतो का? आमच्याकडे माणूस गेला की भिंतीवर कागद लागतो, काळ्या चौकटीचा, वर नाव, वय, मिरवणूक किती वाजता, खाली शोकाकुल कोण कोण — येताना बघितले असतील तुम्ही, कोपऱ्यावर. वितान्तोनियो छापतो ते, माझा शाळेतला बाकसोबती, तिसरीपर्यंत. त्याला म्हटलं, एक कागद काढ. थोर्किल, वय अडुसष्ट, शांतपणे आपल्याला सोडून गेला. तो म्हणाला, खाली शोकाकुल कोण? आता त्याचं कोण होतं? बायको नाही, मूल नाही. मी म्हटलं, टाक — भाऊ एजिदिओ.

एकच कागद लावला, आमच्या दाराला. तासाभरात गल्ली गोळा. आणि तुम्हाला माहीत नसेल, आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण करून नेतात. तर ही समोरची दोलोरा, सगळ्यात आधी, शिंपल्या-भात-बटाट्याचं मोठं भांडं घेऊन, काळी शाल गुंडाळून, डोळे पुसत वर. मागून सात-आठ जणी. दार वाजवलं तर दार उघडलं मयतानंच, तोंडाला साबणाचा फेस, अर्धी दाढी झालेली. दोलोराच्या हातून भांडं निसटलं ते त्यानं वरच्यावर झेललं. मी खाली इथंच, या भिंतीला धरून हसत होतो, पोटात कळ येईपर्यंत. मला वाटलं आता बदडतात मला. पण त्याला काय झालं कळेना, तो ती भांडी बघत राहिला, एकेक झाकण उघडून. मग कागद बघितला. इम्मानं समजावून सांगितलं, तिला इंग्रजी येतं, की बाबा, हे जेवण तुझ्यासाठी. तुझ्या जाण्यासाठी. तर तो पायरीवर बसला आणि म्हणाला — इम्मा सांगते — माझ्या गावात एवढी माणसं आली नसती. सगळ्यांना आत बसवलं त्यानं. त्याचंच मयतजेवण, त्याच्याच टेबलावर, तोच वाढतोय. कागद त्यानं चौकट करून भिंतीला लावला. सुतार ना. छान केली होती चौकट.

मग ऑक्टोबरात गेला. खरंच गेला. हो, झोपेत. शांतपणे, कागदात लिहिलं होतं तसंच. वयही तेच, अडुसष्ट. बघा, मी छापलं ते खरं ठरलं, असा मी गुणी माणूस. मी सगळ्या गल्लीत सांगत फिरलो, थोर्किल गेला, थोर्किल गेला, तर दोलोरा खिडकीतून म्हणाली, एजिदिओ, एका माणसाला दोनदा मारतोस होय रे? आणि खिडकी लावली. कुणी आलं नाही. एकही भांडं आलं नाही. वितान्तोनियो कागद छापेना, म्हणाला पुन्हा नाही फसणार. शेवटी डॉक्टरची गाडी आली तेव्हा लोकांनी मान्य केलं, पण तोवर भांडी थंड चुलीवरच. त्याचा पुतण्या आला आणि त्याला पेटीत घालून घेऊन गेला, विमानानं. मिरवणूक नाही काही नाही.

नाही, टोपली तेव्हापासून तशीच आहे. आठ महिने. कुणी ओढू नये म्हणून मीच — नाही, माझी काय मनाई असणार? राहिली. त्या दिवशी सकाळी त्यानं सोडली ती तशीच राहिली.

काय म्हणालात?

हुशार आहात. बरोबर. झोपेत गेलेला माणूस सकाळी टोपली नाही सोडत.

बरं, ऐका मग. तुम्ही परक्या आहात, परक्याला सांगता येतं. अकराच्या सुमारास घंटी वाजली. टोपली आली. मी या खुर्चीवर शिंपल्या उघडत होतो. आत बघतो तर तो कागद. काळ्या चौकटीचा. चौकटीतून फाडून काढलेला, कोपरा आतच राहिलेला. मी म्हटलं, वा रे वा, माझंच शस्त्र माझ्यावर. आज एप्रिल नाही, आज ऑक्टोबर, तरी पण आवडलं मला, खरंच आवडलं. खिशात रंगीत खडू होता, शिंपल्यांच्या गोण्यांवर खुणा करायचा. त्या कागदाच्या पाठीवर लिहिलं — पाच वाजता मिरवणूक, उशीर करू नकोस, मेल्या. खाली मासा काढला. टाकला टोपलीत. वर बघत हाक मारली, ओढ. ओढली नाही. मी म्हटलं रुसला. घंटी वाजत होती. जरा जरा. एकदा वाजायची, मग थांबायची, मग परत. मी ओरडलो, पुरे झालं आता, हसलो ना मी. चारपर्यंत वाजत होती, बाई. मी खाली शिंपल्या उघडतोय, तो वर बाल्कनीच्या दारात जमिनीवर, हातात दोरी, आणि आमच्या मध्ये एवढीच — ही एवढीच दोरी. पाच वाजले तरी उतरला नाही तेव्हा मी वर गेलो, तोवर संपलं होतं.

डॉक्टर म्हणाला, डोक्यात काहीतरी फुटलं, अर्धं अंग गेलं, वाचा गेली. वाचा जायला त्याची आमच्या भाषेतली वाचा होती कुठं? अख्ख्या घरात आमच्या भाषेतला, त्याला अर्थ ठाऊक असलेला, कागद एकच. खाली भाऊ म्हणून माझंच नाव. तो घेऊन त्यानं खाली पाठवला. आणखी कसं सांगतात हो माणसं?

घंटी अजून वाजते. मेण भरलेलं असून. अकराच्या पुढं, चारपर्यंत. डच नवरा-बायकोला ऐकू आली नाही, जर्मनाला नाही. म्हणून घालवलं मी त्यांना. ज्याला ऐकू येत नाही त्यानं वर राहून काय करायचं? तुम्ही निदान टोपलीचं विचारलंत तरी.

ही घ्या किल्ली. हो, माझ्याच खिशात होती, सकाळपासून. इम्मा यायचीच नव्हती, ती म्हणाली होती तूच वर घेऊन जा. मी वर जात नाही, त्या दिवसापासून. गुडघे — छे, गुडघे ठणठणीत आहेत. तुम्ही जा. घर घ्या, नका घेऊ, तुमची मर्जी. पण एक काम करा, बाल्कनीत जा आणि ती टोपली वर ओढून घ्या. मला इथून हात पोचतो, पण ओढता वरूनच येते. आणि आतला कागद वाचू नका.

जिन्यात दुसरी पायरी हलते, जपून. — दार जरा स्वतःकडं ओढून मग उघडा. — पोचलात? चौकटीत राहिलेला कागदाचा कोपरा असेल भिंतीवर, असू दे. बाहेर या. — हां, दिसलात. ऊन लागतंय ना डोळ्यांवर? दोरी त्या कठड्याला आहे.

थांबा. घंटी वाजली. दोरीला हात लावलात का?

नाही लावलात? हात वर करून दाखवा बरं. दोन्ही.

बरं. दारातून जरा बाजूला व्हा, बाई. — आलो रे, मेल्या. आलो.